जुन्या कॉमिक्स ऑनलाइन घेताय? आधी कंडिशन, मग भाव, मग पैसे

आमच्या जळगाव-भुसावळ-धुळ्याकडच्या कॉमिक्स जमवणाऱ्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, ही इंद्रजाल इतक्यात घेतली, बरोबर घेतली ना?" आणि खाली पेमेंटचा स्क्रीनशॉट. आता पैसे गेल्यावर काय सांगणार. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात, म्हणजे डीलरने कव्हरचा एक फोटो टाकला, "लास्ट पीस" म्हटलं, भाव ऐकला, घाई झाली, पैसे टाकले, मग आतले फोटो मागितले, आणि पार्सल आल्यावर मधलं पानच नाही. केळीचा व्यापारीसुद्धा बागेत येऊन घड बघितल्याशिवाय भाव बोलत नाही, मग आपण न बघितलेल्या कागदाचा भाव का बोलायचा?

म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. मुख्यतः इंद्रजाल, अमर चित्र कथा, राज, डायमंड, टिंकल यांच्या जुन्या अंकांसाठी आहे, बाहेरून मार्व्हल-डीसी मागवणाऱ्यांसाठी एक तुकडा मध्ये येईल. टप्पे पुढेमागे करू नका, कारण प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्याचं उत्तर लागतं.

## १. यादी आधी, डीलर नंतर

डीलरचं पेज उघडून "काय काय आहे" बघायला बसलात की जे दिसेल ते घ्यावंसं वाटतं. म्हणून आधी वहीत किंवा एक्सेलमध्ये यादी करा आणि त्यात चार गोष्टी असू द्या: अंकाचा नंबर, कथेचं नाव, भाषा, आणि कमीत कमी कुठली कंडिशन चालेल.

भाषा लिहिणं फार महत्त्वाचं आहे. इंद्रजाल इंग्रजीत निघायची, हिंदीत निघायची, मराठीत निघायची आणि इतर भाषांतही. एकच नंबर, एकच कव्हर, पण भाषेप्रमाणे भाव वेगळा. वेताळाची (म्हणजे फँटमची) मराठी इंद्रजाल शोधणारा माणूस "इंद्रजाल, अमुक नंबर" एवढंच टाईप करतो आणि घरी हिंदी कॉपी येते, यात डीलरची काहीच चूक नसते.

दुसरं, तुम्ही वाचायला घेताय की संग्रहाला, हे प्रत्येक अंकापुढे लिहा. वाचायलाच हवी असेल तर नाव लिहिलेली, कोपरा दुमडलेली कॉपी बिनधास्त घ्या, स्वस्त पडते. अडचण अशी होते की लोक वाचायच्या कंडिशनची कॉपी संग्रहाच्या भावाने घेतात.

तपासा: नंबर खरंच अस्तित्वात आहे का? इंद्रजालचे १२३ आणि १२४ हे दोन नंबर संपामुळे छापलेच गेले नाहीत. कोणी "दुर्मिळ १२३ नंबर आहे" म्हणाला तर तिथेच थांबा. आणि पुढे ऐंशीच्या दशकात सरळ नंबर बंद होऊन खंड-अंक अशी पद्धत आली, त्यामुळे कव्हरवर "खंड २१, अंक अमुक" दिसलं तर नंबर खोडलाय असं समजू नका.

## २. पहिली छपाई की नंतरची, हे ओळखायला शिका

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. अमर चित्र कथेचे तर वर्षानुवर्षं रिप्रिंट निघालेत आणि विकणाऱ्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं, तो घरातली रद्दी काढतो आणि "साठच्या दशकातली" म्हणून टाकून देतो. छपाईचं वर्ष अंकावर नसलं तरी खुणा असतात:

- प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ती कॉपी १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीची असूच शकत नाही, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला. मुंबईच्या पत्त्यात नुसतं "बॉम्बे १" टाईप असेल तर जुनी असण्याची शक्यता वाढते.
- इंग्रजी अंकाच्या पत्त्यात "बॉम्बे" ऐवजी "मुंबई" असेल तर १९९५ नंतरची. मराठी अंकाला ही खूण लावू नका, मराठीत आधीपासून मुंबईच लिहितात.
- १३ आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा नोंदणी नंबर) असेल तर साधारण २००७ च्या पुढची.
- अमर चित्र कथा १९६७ ला सुरू झाली आणि बरीच वर्षं इंडिया बुक हाउस प्रकाशक होतं. एसीके मीडिया हे नाव दिसलं तर ती २००७ किंवा त्यानंतरची छपाई. आणि नंबर ५०० च्या पुढचा असेल तर तो बहुतेक वेळा रिप्रिंटच्या मालिकेतला नंबर असतो.
- मागच्या किंवा आतल्या कव्हरवर इतर अंकांची यादी असते ती वाचा. त्यात जो सगळ्यात नंतरचा अंक दिसतोय, त्याच्या आधी ही कॉपी छापली गेलेली नाही. ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते कारण ती कोणी सहसा लपवत नाही.
- इंद्रजाल मार्च १९६४ ते १९९० एवढीच निघाली आणि आबिद सुरतींचा बहादूर त्यात १९७६ ला आला. बहादूरचा अंक कोणी १९७० चा म्हणून देत असेल तर बोलणं तिथेच संपलं.

मार्व्हल-डीसी बघताना कव्हरवर किंमत रुपयात छापलीय का ते बघा. रुपयात असेल तर ती भारतीय आवृत्ती, उदाहरणार्थ गोथम कॉमिक्सची. तिचा भाव अमेरिकन पहिल्या छपाईच्या भावाशी लावायचा नाही.

सावध: स्कॅनवरून काढलेल्या रंगीत प्रिंटही जुन्या कॉमिक्स म्हणून फिरतात, आणि कधी अंक खरा असतो पण कव्हर कलर झेरॉक्स असतं. भिंगातून बघितलं तर जुन्या छपाईत रंगाचे सुटे सुटे गोल ठिपके दिसतात, स्कॅनच्या प्रिंटमध्ये तेच ठिपके फिसकटलेले, एकमेकांत मिसळलेले दिसतात. म्हणून डीलरकडे कव्हरच्या एका कोपऱ्याचा अगदी जवळून काढलेला फोटो मागायचा. घरी आल्यावर नोट तपासायचा यूव्ही टॉर्च आतल्या पानांवर मारून बघा, आजचा पांढराशुभ्र कागद निळसर चमकतो, जुना वर्तमानपत्री कागद तसा चमकत नाही.

## ३. ग्रेडिंग: भाव ऐकायच्या आधी स्वतः ग्रेड द्या

जगभर १० पैकी मार्क देतात. अमेरिकेत ओव्हरस्ट्रीटचं भावांचं गाइड १९७० पासून निघतंय आणि सीजीसी ही कंपनी २००० पासून कॉमिक्स तपासून, मार्क देऊन प्लास्टिकच्या डबीत सील करून देते. आपल्याकडचे डीलर तीच नावं वापरतात, पण सढळ हाताने. ढोबळ पट्टी अशी:

- ९.४ म्हणजे नियर मिंट. जवळजवळ नवी. पाठीवर, म्हणजे पिना मारलेल्या कडेवर, एखाद-दुसरी अगदी बारीक रेघ.
- ८.० म्हणजे व्हेरी फाइन. थोडी हाताळलेली, कव्हरला चकाकी आहे, पाठीवर थोड्या बारीक रेघा.
- ६.० म्हणजे फाइन. वाचलेली आहे हे कळतं, पण नीट वाचलेली.
- ४.० म्हणजे व्हेरी गुड. घड्या, थोडी पाठ वळलेली, रंग थोडा उडालेला.
- २.० म्हणजे गुड. भरपूर वापरलेली, छोटे फाट, डाग, पण पूर्ण आहे.
- १.० फेअर आणि ०.५ पुअर. फाटकी, तुकडे गेलेले, पान गेलेलं.

म्हणजे डीलरने "गुड" लिहिलं आणि तो ही पट्टी मानत असेल तर ती खालून तिसरी पायरी आहे. आणि तो पट्टी मानत नसेल तर त्या शब्दाला काहीच किंमत नाही. त्यामुळे डीलरची ग्रेड ऐकून घ्या, वहीत लिहा, आणि ती बाजूला ठेवून फोटोवरून स्वतःची ग्रेड द्या.

सराव घरच्या कॉमिक्सवर करा. दहा-बारा जुने अंक घ्या, ट्यूबलाइटखाली तिरपे धरा आणि कागदावर दोष लिहा, मार्क नंतर. तिरपं धरलं की ज्या घड्या समोरून दिसत नाहीत त्या उठून दिसतात. हेच आपल्या मित्राकडूनही करून घ्या आणि दोघांचे मार्क ताडून बघा, एकाने ६ दिलेत आणि दुसऱ्याने ३ तर कोणाच्या नजरेतून काय सुटलं ते लगेच कळतं.

परदेशी पट्टी आहे तशी लावून चालत नाही, कारण आपल्याकडच्या कॉपींचे दोष वेगळे असतात. हे खास बघा:

पिना. मुंबई-कोकणातून आलेल्या कॉपीच्या पिना बऱ्याचदा गंजलेल्या असतात. नुसती पिन तांबूस असेल तर थोडे मार्क कापा, पण गंज कागदात उतरून भोवती तपकिरी डाग पडला असेल तर कागद तिथे कुजलाय, पान कधीही सुटेल. पिना चकचकीत नव्या असतील तर उलट जास्त संशय घ्या, कॉमिक उघडून पुन्हा पिना मारल्यात, आणि उघडली का होती हा प्रश्न उरतोच.

बाइंडिंगची भोकं. भाड्याने कॉमिक्स देणारे दुकानदार पाच-दहा अंक एकत्र शिवून वर पुठ्ठा लावायचे. ते सोडवून सुटे विकले जातात. पाठीपासून थोड्या अंतरावर एका रेषेत तीन-चार भोकं दिसली की समजा. त्याहून वाईट म्हणजे बाइंडर मशीनवर कडा कापायचा. कापलेल्या कडा इतक्या सरळ आणि स्वच्छ दिसतात की नवखा माणूस खूश होतो. कव्हरवरची अक्षरं किंवा चित्र कडेला फार चिकटून आहे का बघा आणि अंकाची उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये मागा, मग त्याच मालिकेतल्या घरच्या अंकाशी ताडा.

मधलं पान. पिनांमधलं जोडपान सगळ्यात आधी सुटतं आणि हरवतं. कथेच्या मधोमध दोन-चार पानं गेली तरी कव्हरवरून काही कळत नाही.

कागद. आपल्या खान्देशातल्या घरातून निघालेल्या कॉपीला गंज कमी असतो, पण कोरड्या उन्हाळ्याने कागद ठिसूळ झालेला असतो. पान उलटताना कोपऱ्याचा भुगा पडत असेल तर बाहेरून कितीही छान दिसो, ती ३ च्या वर धरू नका. तांबूस ठिपके, कसरीने खाल्लेली कव्हरची चकाकी, वाळवीच्या नळ्या, हे सगळं वेगवेगळं लिहा.

टेप, नाव, शिक्के, पेनाने सोडवलेलं कोडं. पारदर्शक टेप जुनी झाली की पिवळी पडते आणि डिंक कागदात उतरतो, काढता येत नाही. टेपने जोडलेली पाठ म्हणजे "रिपेअर केली, आता मजबूत आहे" असं डीलर सांगेल, ग्रेडच्या दृष्टीने तो दोषच आहे. राज कॉमिक्सच्या काही अंकांबरोबर स्टिकर, कार्डं फुकट यायची, ती नसतील तर तेही लिहून ठेवा.

थांबा: फोटो आल्यावर (ते कसे मागायचे ते पुढच्या टप्प्यात आहे) स्वतःची ग्रेड वहीत लिहिली नसेल तर भावाकडे जाऊ नका. भाव कळला की नजर बदलते, स्वस्त वाटलं की दोष दिसेनासे होतात.

## ४. फोटो कसे मागायचे

ग्रेड द्यायची तर फोटो पाहिजेत, आणि "और फोटो भेजो" म्हटलं की तोच कव्हरचा फोटो दुसऱ्या बाजूने येतो. म्हणून एकदाच नीट मेसेज लिहा आणि कॉपी-पेस्ट करत जा, बाहेरच्या डीलरला हिंदीत करून. माझा असा आहे:

"नमस्कार, अंक घ्यायचा विचार आहे. प्लास्टिकमधून बाहेर काढून हे फोटो पाठवाल का: पुढचं कव्हर, मागचं कव्हर, पाठ, दोन्ही कव्हरची आतली बाजू, पहिलं पान, मधलं जोडपान पिनांसकट, आणि शेवटचं पान. शक्य असेल तर सगळी पानं उलटतानाचा एक छोटा व्हिडिओ. एक फोटो आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीबरोबर. पान, स्टिकर काही कमी असेल तर आधीच सांगा."

प्लास्टिकमधून बाहेर, हे शब्द गाळू नका. प्लास्टिकच्या चमकेत घड्या दिसत नाहीत. तारखेची चिठ्ठी एवढ्यासाठी की कॉपी खरंच त्याच्या हातात आहे हे कळावं, दुसऱ्याच्या पोस्टवरचे फोटो उचलून विकणारे कमी नाहीत. गूगल लेन्सवर फोटो टाकून बघा, तोच फोटो आधी दुसऱ्या कोणी टाकला असेल तर बऱ्याचदा सापडतो.

डीलरला रोज शंभर जण विचारतात आणि त्यातले बरेच जण घेत नाहीत, तेव्हा पन्नास रुपयांच्या अंकासाठी व्हिडिओ मागणं बरोबर नाही. महागाच्या अंकाला सगळं मागा, स्वस्ताला चार फोटो पुरे. पण महागाच्या अंकाला मधल्या पानाचा फोटो द्यायला जो टाळतोय, त्याच्याकडून घेऊ नका, कितीही गोड बोलला तरी.

## ५. भाव काढायची पद्धत

आता भाव. डीलरने मागितलेला भाव म्हणजे बाजारभाव नव्हे. कोणीही कुठल्याही अंकापुढे दहा हजार लिहू शकतो आणि तो अंक तसाच वर्षभर पडून राहतो. मोजायचा तो विकला गेलेला भाव.

भारतीय कॉमिक्ससाठी अशी कुठली अधिकृत यादी बाजारात चालत नाही, त्यामुळे ती आपणच बनवायची. फेसबुक-व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये लिलाव होतात, त्यात शेवटची बोली कितीची लागली ते नोंदवत जा. "सोल्ड" लिहिलेल्या पोस्ट शोधा. इबेची भारतातली साइट २०१८ ला बंद झाली पण मुख्य साइटवर विकलेल्या वस्तूंचा फिल्टर आहे, तो लावून इंद्रजाल, अमर चित्र कथा शोधता येतात. फक्त तिथले भाव परदेशी गिऱ्हाइकाचे असतात, ते आपल्याकडे जसेच्या तसे लावू नका.

नोंद करताना चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: तोच नंबर, तीच भाषा, तीच छपाई, आणि जवळपास तीच कंडिशन. एकही जुळत नसेल तर ती नोंद बाजूला.

मग हिशोब. समजायला म्हणून आकडे घेऊ. तुमच्या अंकाच्या ४.० च्या आसपासच्या पाच विक्री सापडल्या, २५०, ३००, ३२०, ३५० आणि ९००. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडा. ९०० ला दोन हट्टी माणसं लिलावात भिडली असतील. उरलेल्यातली मधली ३२०. हा तुमचा पाया.

आता समोरची कॉपी बघा. माझे वजावटीचे नियम असे आहेत, तुम्ही तुमचे बनवा पण बनवा: मधलं पान सुटलंय पण आहे, तर पायातून पाव भाग कमी. पाठीवर टेप असेल तर तेवढाच. बाइंडिंगची भोकं आणि कापलेल्या कडा असतील तर निम्मा. कथेचं एक जरी पान नसेल तर तिसरा हिस्सासुद्धा जास्त, तिथे मी फक्त वाचायच्या किमतीत घेतो. दोन दोष असले तर दोन्ही वजा होतात, "एवढं चालतं" म्हणून एक सोडायचा नाही.

त्यात पोस्टाचा खर्च धरा. ३२० चा पाया, सुटलेल्या मधल्या पानाचे ८० गेले, २४० राहिले. डीलर कुरिअरचे ९० वेगळे घेतोय, म्हणजे कॉमिकसाठी तुम्ही १५० च्या आसपास बोललात तरच घरपोच हिशोब बसतो. एका अंकाला हे परवडत नाही हे दिसतंच आहे, म्हणून एकाच डीलरकडून पाच-सहा अंक एकत्र घ्या आणि एकच पार्सल करायला सांगा.

लॉट घेताना: "५० कॉमिक्सचा लॉट" असा असतो तेव्हा लोक भागिले पन्नास करतात आणि स्वस्त पडलं म्हणतात. तसं नका करू. तुमच्या यादीतले जेवढे अंक आहेत त्यांचाच भाव जोडा, बाकीच्यांचा शून्य धरा. तरी परवडत असेल तर घ्या. बाकीचे चाळीस विकले जातील हा अंदाज बहुतेक वेळा फसतो, घरात गठ्ठे वाढतात फक्त.

लिलावात: शेवटची बोली आधीच कागदावर लिहा, पोस्टाच्या खर्चासकट. ग्रुपमध्ये कधीकधी डीलरचाच माणूस बोली चढवत असतो, प्रत्येक लिलावात तेच एक नाव वर नेतंय आणि शेवटी कधीच जिंकत नाही असं दिसलं तर तिथे बोलूच नका.

### बाहेरून मागवत असाल तर

सीजीसीच्या डबीतली कॉमिक घेताना लेबलचा रंग बघा. निळं म्हणजे साधी, जांभळं म्हणजे रिस्टोर केलेली, म्हणजे नंतर दुरुस्त करून सुधारलेली, आणि जांभळ्याचा भाव निळ्यापेक्षा खूप खाली असतो. डबीवरचा नंबर सीजीसीच्या साइटवर टाकून नाव आणि ग्रेड जुळते का बघा. किंमत लावताना डॉलरचा भाव, शिपिंग, कस्टमची ड्युटी आणि कुरिअर कंपनी ड्युटी भरायचे जे वेगळे पैसे घेते ते, सगळं मिळून विचारा. आणि बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचं आंतरराष्ट्रीय वापराचं बटण चालू आहे का ते ऑर्डरच्या आधी बघा.

## ६. डीलर आणि पेमेंट

डीलर तपासायला फार लागत नाही. त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघांना विचारा, पण ती नावं डीलरने दिलेली नकोत, ग्रुपमधून तुम्ही शोधलेली हवीत. प्रोफाइल गेल्या महिन्यातली असेल, सगळे दुर्मिळ अंक एकट्याकडेच असतील आणि सगळे निम्म्या भावात असतील तर सोडून द्या. पहिली ऑर्डर लहान करा, कितीही मोठा सेट समोर दिसत असला तरी.

पैसे टाकायच्या आधी चॅटमध्ये लिहून घ्या: कोणते अंक, कोणती भाषा, काय काय दोष, एकूण किती, कुरिअर कोणतं, कधी पाठवणार, आणि पान कमी निघालं तर परत घेणार का. फोनवर ठरलं असेल तर फोन ठेवल्यावर तेच मेसेज करून "बरोबर ना?" विचारा. हा एक मेसेज नंतर सगळ्यात जास्त कामी येतो.

यूपीआयने एकदा पैसे गेले की गेले, तिथे वस्तू खराब निघाली म्हणून कोणी परत देत नाही. स्क्रीनवर येणारं नाव डीलरच्या नावाशी जुळतंय का बघा, जुळत नसेल तर आधी विचारा. महागाची वस्तू असेल तर ज्या साइटवर कार्डाने पैसे भरता येतात आणि रिटर्नची सोय आहे तिथून थोडी महाग पडली तरी घ्या.

सावध: रिफंड देतो म्हणून कोणी क्यूआर पाठवला आणि पिन टाकायला सांगितलं तर टाकू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे थांबण्याची शक्यता जास्त. दुकान किंवा साइट ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

## ७. पॅकिंग आणि पाठवणी

हे डीलरवर सोडू नका, सांगा. प्रत्येक अंक वेगळ्या प्लास्टिकमध्ये, सगळे मिळून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, पुठ्ठा चारही बाजूंनी अंकापेक्षा बोटभर मोठा, म्हणजे कोपरा ठेचला तर पुठ्ठ्याचा ठेचेल. गुंडाळी करून पाठवू नका असं स्पष्ट लिहा. पावसाळ्यात सगळ्यावर आणखी एक पॉलिथिन.

आणि एक गोष्ट आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या आसपास जातो, कुरिअरच्या गाडीत तर त्याहून जास्त, त्यात प्लास्टिकच्या तोंडाला लावलेल्या टेपचा डिंक वितळतो आणि अंक बाहेर काढताना कव्हरला चिकटतो. प्लास्टिकचं तोंड नुसतं दुमडून आत घालायला सांगा, टेप बाहेरच्या पुठ्ठ्यालाच. महागाचे अंक शक्यतो दिवाळीनंतर ते होळीपर्यंत मागवा.

यावल, रावेर, शहादा, साक्रीकडच्या खेड्यात राहत असाल तर खाजगी कुरिअरवाला बऱ्याचदा "तालुक्याला येऊन घेऊन जा" म्हणतो आणि पार्सल तिथे पडून राहतं. स्पीड पोस्ट मागा, ते गावापर्यंत येतं. रजिस्टर पोस्ट आता वेगळं राहिलेलं नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच गेलंय. १३ अक्षरांचा ट्रॅकिंग नंबर, शेवटी आयएन असलेला, त्याच दिवशी मागून घ्या.

## ८. पार्सल उघडताना

उघडायच्या आधी मोबाइल उभा करून व्हिडिओ सुरू करा. पार्सलच्या सगळ्या बाजू, लेबल, मग कापणं, मग प्रत्येक अंक, हे सगळं एका सलग व्हिडिओत, मध्ये बंद न करता. ब्लेड खोल घालू नका, पहिल्या पुठ्ठ्याखाली लगेच कव्हर असतं.

मग पानं मोजा. इंद्रजाल आणि अमर चित्र कथेचे बहुतेक अंक ३२ पानी आहेत, इंद्रजालचे अगदी सुरुवातीचे त्याला अपवाद. डीलरचे फोटो समोर उघडून एकेक ताडा, तोच डाग, तीच घडी, कारण कधी फोटो एका कॉपीचा असतो आणि येते दुसरी. वास घ्या, कुबट वास म्हणजे आत ओल आहे. तक्रार असेल तर त्याच दिवशी, फोटोसकट, शांत भाषेत करा. "तुम्ही फसवलं" असं लिहिण्यापेक्षा "१५-१६ पान नाही, चॅटमध्ये पूर्ण आहे असं ठरलं होतं, परत घेता की पैसे कमी करता?" असं विचारलं की बरेच डीलर ऐकतात, त्यांनाही नाव टिकवायचं असतं.

## ९. घरात ठेवताना

नवा अंक सरळ जुन्या गठ्ठ्यात घालू नका. दोन-तीन आठवडे झिपच्या पिशवीत वेगळा ठेवा, कसरीची अंडी असतील तर कळतं. आणि ओल आहे, किडे आहेत म्हणून गच्चीवर उन्हात वाळवू नका, ही सवय इकडे घरोघरी आहे, धान्याला ठीक आहे पण कॉमिकचा रंग त्याच दिवशी उडायला लागतो आणि कागद आणखी ठिसूळ होतो. सावलीत, पंख्याखाली, पानं थोडी उघडून ठेवा.

पत्र्याखालचा माळा नको, पश्चिमेची तापणारी भिंत नको. कूलर लावता ती खोलीसुद्धा नको, कूलर चार महिने खोलीत ओल सोडत असतो आणि खान्देशात पिना गंजतात त्या बहुतेक तिथेच. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट चालेल, मधला कप्पा, त्यात सिलिका जेलची पुडी. डांबराच्या गोळ्या अंकाला टेकवू नका. पिशवी पॉलीप्रॉपिलीनची घ्या, वह्यांना घालतात ती जाड वासाची पीव्हीसी कव्हरं काही वर्षांनी छपाईला चिकटतात. मागे ॲसिड-फ्री बोर्ड मिळाला तर उत्तम, साधा खाकी पुठ्ठा कायमचा ठेवू नका, त्याचा पिवळेपणा अंकाला लागतो. अंक उभे ठेवा, पण इतके घट्ट नको की काढताना कोपरा दुमडेल, आणि इतके सैल नको की पाठ वाकेल.

ठेवायच्या आधी वहीत शेवटची ओळ भरा: अंक, भाषा, छपाई, डीलर, पोस्टासकट किंमत, तारीख, आणि शेजारी शेजारी दोन रकाने, डीलरने सांगितलेली ग्रेड आणि हातात आल्यावर तुम्ही दिलेली ग्रेड. पाच-सहा ऑर्डरनंतर त्या दोन रकान्यांतला फरक बघा, पुढच्या वेळी त्या डीलरने ६.० म्हटलं की ती किती धरायची ते तिथे लिहिलेलं असतं.